बागेसाठी मंजूर पंप

ऑपरेटरनं स्विच खाली ओढला. पंप दोनदा खोकला, पाइपानं एक लांब ढेकर दिला, आणि गावाचं सांडपाणी शुद्धीकरण केंद्र बंद पडलं.

हे झालंच नाही, असं आपण धरून चालू. आपण एकटेच नाही, नगरपालिकाही तसंच धरून चालली आहे. तिच्या दफ्तरी केंद्र आजही चालू आहे, गावाचं सगळं सांडपाणी पितं आहे आणि नदीला स्वच्छ पाणी देतं आहे. फाटकावरच्या फलकावर एक निळा मासा हसतो आहे. हसायला माशाला ओठ कुठून आले, हे चित्रकाराचं चित्रकार जाणे.

तेव्हा केंद्र चालू आहे. त्याच्यात एकच उणीव होती. सांडपाणी येत नव्हतं.

केंद्र बांधलं होतं टेकाडावर आणि गटार वाहत होतं टेकाडाच्या पायथ्याशी. पाणी चढ चढत नाही ही बातमी नकाशा काढणाऱ्यापर्यंत पोहोचेपर्यंत भिंतींना रंगही देऊन झाला होता. मग गटाराचं पाणी वर खेचायला एक मोठा पंप मागवायचं ठरलं. तो पंप प्रक्रियेत होता. सगळ्या केंद्रात प्रक्रिया म्हणावी अशी तेवढीच चालू होती. तोवर गटार आपलं जुन्या वाटेनं, कोणाचं काही न ऐकता, नदीत जात होतं.

केंद्रात माणसं दोन. एक ऑपरेटर, आणि दुसरा वॉचमन, ज्याला सगळं गाव भोंगा म्हणायचं. भोंग्याला हळू बोलता येत नसे. तो कानात सांगायला लागला की पलीकडच्या आळीतल्या खिडक्या उघडत. रिकाम्या टाक्यांची राखण करता करता दोघांनी टाक्या झाडल्या, पुसल्या, त्यांत पडलेली मांजराची पिल्लं काढली आणि मग करण्यासारखं काही उरलं नाही.

केंद्रात चालणारा पंप एकच होता, बागेचा. फाटकापाशी हिरवळ लावायची म्हणून तो मंजूर झालेला, आणि त्याचा पाइप थेट नदीत सोडलेला. नदीचं पाणी पिऊन हिरवळ आधी पिवळी झाली, मग तपकिरी झाली, मग भोंगा तिच्यावर खाट टाकायला लागला. पंप रिकामा बसला. एके दिवशी ऑपरेटरनं बागेचा पाइप उचलला आणि पहिल्या टाकीत सोडला. हातावर हात धरून बसायचा कंटाळा, याहून थोर कारण त्यामागे नव्हतं. मशिनीच्या बरोबर आलेलं पुस्तक त्यानं वाचलेलं होतं. दुसरं वाचायला तिथं काही नव्हतं. पाण्यात हवा सोडायची, घाण खाणारे जंतू वाढू द्यायचे, गाळ खाली बसू द्यायचा, वाळूतून गाळून घ्यायचं, शेवटी औषध. जंतूंना नदीचं पाणी फार मानवलं. हिरवळीला जे पचलं नव्हतं ते त्यांनी मिटक्या मारत खाल्लं.

काही आठवड्यांनी भोंगा शेवटच्या पाइपाशी उभा राहून ओरडला,

"अरे, मला माझा पाय दिसतोय!"

"मग?"

"पाण्यातला पाय!"

तो शेवटचा पाइप जिथं पडत होता, तिथं एक डोह होता. उन्हं तापली की नदी आटून पलीकडच्या काठाला सरके, काळी आणि दाट, आणि खडकांच्या आडोशाला हा डोह एकटा राही. वर्षानुवर्षं त्यात शेवाळ आणि पिशव्या साठत होत्या. आता वरून रात्रंदिवस धुतलेलं पाणी पडायला लागलं, जुनं उतू जाऊन खडकांवरून नदीत गेलं, आणि तळातला काळा दगड दिसायला लागला.

हा डोह ऑपरेटरच्या वडिलांचा होता. सातबारा नव्हता, पण गावात कोणी नाही म्हटलं नसतं. त्यांना सगळे मास्तर म्हणत. अर्धं गाव त्यांनी या डोहात पोहायला शिकवलं होतं. आताच्या मुख्याधिकारी साहेबांनासुद्धा ते लहान असताना मास्तरांनी मानगूट धरून इथंच ढकललं होतं. शिकण्याची रीत ठरलेली. पाठीला रिकामा डबा बांधून सुरुवात, आणि ज्या दिवशी डबा न बांधता पलीकडच्या काळ्या दगडाला हात लागेल, त्या दिवशी माणूस पास. मग वरच्या गावांनी नदीत काय काय सोडलं, शिकायला येणाऱ्यांच्या अंगावर पुरळ उठायला लागलं, आणि एका उन्हाळ्यात मास्तरांनी डबे भंगारात दिले.

स्वतःच्या मुलाला ते दरवर्षी सांगत आले होते, आधी लोकांची पोरं, घरचं काय, पुढच्या उन्हाळ्यात. तो पुढचा उन्हाळा आलाच नाही. पोहण्याच्या मास्तरांचा मुलगा पाण्यात दगड, म्हणून गावानं दिव्याखाली अंधार ही म्हण त्याच्यावर घासून घासून गुळगुळीत केली होती. ऑपरेटर हसून घ्यायचा. मात्र टाक्यांच्या कठड्यावरून चालताना तो एका हातानं नेहमी पाइप धरून चालायचा.

भोंग्याची हाक मास्तरांना घरात बसून ऐकू गेली असावी. संध्याकाळी ते खांद्यावर टॉवेल टाकून आले. काठावर बसून त्यांनी ओंजळ भरली, नाकाशी धरली आणि सोडून दिली. पुन्हा भरली. मग सदऱ्याची बटणं काढायला लागले.

"बाबा, थांबा, निदान तपासून तर घेऊ."

"तपासतोच आहे," मास्तर म्हणाले आणि पाण्याखाली गेले.

बऱ्याच वेळानं ते काळ्या दगडापाशी वर आले. चेहरा पुसला, पण तोंडावरचं पाणी पुसलं जाईना. मग मुलाकडे न बघता म्हणाले,

"चल, उतर."

"मी? या वयात?"

"पाणी काय जन्मतारीख विचारतं?"

"लोक बघतील, बाबा."

"पोहताना बघू दे. बुडताना बघितलं तर जास्त गर्दी होते."

भोंग्यानं औषधाचा एक रिकामा कॅन धुऊन आणला आणि ऑपरेटरच्या पाठीला बांधला. कॅनवर मोठ्या अक्षरांत 'माणसांपासून दूर ठेवा' असं लिहिलेलं होतं. ऑपरेटर पोटरीपर्यंत उतरला, मग कमरेपर्यंत, मग त्यानं वडिलांचा दंड असा धरला की मास्तर म्हणाले, "अरे, मलाही पोहणं विसरायला लावशील."

हे रोज चाललं. ऑपरेटर आधी तरंगायला शिकला, मग हात मारायला. कॅन सुटला. काळ्या दगडाच्या निम्म्या वाटेवर गेला की तो उलटा वळायचा. मास्तर दगडावर बसून बघत.

"निम्मं आलं ना? परत जायला जेवढं लागतं तेवढंच पुढं यायला लागतं."

"कळतं हो."

"डोक्याला कळतं. ते पोहत नाही."

काठावर माणसं जमायला लागली. भट्टी विझवून पाववाला यायचा. शिवणकाम करणाऱ्या दोघी बहिणी पाय सोडून बसायच्या आणि ऑपरेटर निम्म्यातून वळला की एकदम 'अरेरे' म्हणायच्या. जुने विद्यार्थी पोटं सांभाळत उतरले. मास्तर पुन्हा लोकांना मानगुटीला धरायला लागले. त्यांची पाठ, जी गेल्या काही वर्षांत घरातल्या खुर्चीच्या आकाराची झाली होती, ती सरळ झाली.

ही गर्दी बघून मुख्याधिकारी साहेब आले. त्यांनी डोहाकडे बघितलं, पाइपाकडे बघितलं, आणि त्यांच्या चेहऱ्यावर फलकावरच्या माशासारखं हसू आलं.

"आदर्श केंद्र म्हणून नाव पाठवू या. तपासणीला प्रदूषण मंडळाच्या बाई येतील. सांडपाणी कधीपासून यायला लागलं? मला कोणी बोललं नाही."

"येत नाही, साहेब. बागेच्या पंपानं नदीचं घेतो."

साहेबांनी डोळे मिटले. "हे मी ऐकलं नाही."

"नदीचं घेतो!" भोंग्यानं त्यांना ऐकू जावं म्हणून सांगितलं.

"बाई येतील त्या दिवशी ते सांडपाणी आहे," साहेब म्हणाले. "टाकीत जे आहे ते सांडपाणी, आणि डोहात जे आहे ते शुद्ध केलेलं सांडपाणी. आणि त्या दिवशी डोहात माणूस नको. सांडपाण्यात कोणी पोहत नाही. मास्तरांना तेवढं समजावून सांग."

तपासणीच्या आदल्या रात्री ऑपरेटर घरी गेला. मास्तर जेवण उरकून टॉवेलची घडी घालत होते. ऑपरेटरनं दोनदा तोंड उघडलं. तुमचा डोह त्या दिवशी गटाराचा आहे, हे वाक्य त्याच्या घशात निम्म्यापर्यंत आलं आणि उलटं वळलं.

"बाबा, उद्या डोहावर येऊ नका."

"का?"

"तपासणी आहे."

"पाण्याची तपासणी, आणि पोहणारा नको? मग काय पंखा तपासणार आहेत?"

"एक दिवस सुट्टी घ्या म्हटलं, बस."

"सुट्टी पुष्कळ झाली," मास्तर म्हणाले आणि टॉवेल उशाला ठेवला.

सकाळी ऑपरेटर आणि भोंगा बादल्या घेऊन गटारावर गेले. नदीचं पाणी सांडपाण्यासारखं दिसावं म्हणून त्यात थोडं खरं सांडपाणी मिसळायचं ठरलं होतं. ज्या चढावर गावाचं गटार कधी चढलं नव्हतं, त्या चढावर ते दोन माणसांच्या हातांतून चढत होतं.

"कोणाला कळता कामा नये!" भोंगा ओरडला. पलीकडच्या आळीतली एक खिडकी उघडली.

पहिली खेप वर येते तोच बाईंची गाडी लागली. बाई वेळेआधी आल्या होत्या. सडपातळ, पन्नाशीच्या, हातात बाटल्यांची पेटी आणि चेहऱ्यावर बरीच केंद्रं पाहिल्याचा शीण. त्यांनी कोणाला काही न विचारता पहिल्या टाकीत मीटर बुडवलं आणि दचकल्या.

"हे फारच वाईट आहे."

साहेब अभिमानानं हसले. बाई वही काढायला वळल्या, तेवढ्यात भोंग्यानं मागून दोन्ही बादल्या टाकीत रिकाम्या केल्या. बाईंनी खात्रीसाठी मीटर पुन्हा बुडवलं. बघितलं. झटकून परत बुडवलं.

"अरे? मघापेक्षा बरं दाखवतंय."

ऑपरेटरनं भोंग्याकडे पाहिलं आणि भोंग्यानं रिकाम्या बादलीत पाहिलं. गटाराचं पाणी घातल्यावर नदी थोडी सुधारली होती. खरं तर त्यात नवल नव्हतं. गटारात एका गावाची घाण होती, नदीत वरच्या सगळ्या गावांची.

"तरीही," बाई म्हणाल्या, "इतकं अस्सल सांडपाणी मी बऱ्याच दिवसांत पाहिलं नव्हतं."

शेवटच्या पाइपाशी त्यांनी बाटली भरली, उन्हात धरली आणि तिच्यातून पलीकडच्या झाडाकडे पाहत राहिल्या. त्यांचा चेहरा क्षणभर लहान मुलीसारखा झाला. मग त्यांनी बाटलीला बूच लावलं. "शिफारस करायला हरकत नाही," त्या म्हणाल्या. "पाणी पडतं कुठं, तेवढं बघू आणि निघू."

डोहाच्या मधोमध मास्तर उताणे पडले होते. हात पसरलेले, डोळे मिटलेले, पोटावर ऊन. साहेब खोकले. मास्तरांनी एक डोळा उघडला.

"या. उतरणार का, साहेब? पाय मारायचं विसरला नाहीत ना?"

"आजोबा, बाहेर या आधी," बाई म्हणाल्या. "हे सांडपाणी आहे."

"काय आहे?"

"गटाराचं पाणी. शुद्ध केलेलं असलं तरी अंघोळीचं नव्हे. तुम्हाला कोणी सांगितलं नाही?"

मास्तर पाण्यात उभे राहिले. त्यांनी मुलाकडे पाहिलं. ऑपरेटर आपल्या बुटांच्या नाड्यांकडे बघत होता.

"गटार तिकडं आहे, बाई. नाक असेल तर सापडेल," मास्तर म्हणाले. "ही नदी आहे. माझा मुलगा तिला इथून उचलतो, वर नेऊन धुतो आणि परत जागेवर आणून ठेवतो. सगळ्या गावाला माहीत आहे. माझ्यासमोर तिला गटार म्हणायचं नाही."

"म्हातारपण, बाई," साहेब हळूच म्हणाले आणि कानशिलाजवळ बोट गोल फिरवलं.

बाईंनी ते बोट पाहिलं. मग त्या ऑपरेटरकडे वळल्या.

"हे म्हणतात ते खरं आहे का?"

नाही म्हणायला एक शब्द पुरला असता. ऑपरेटरनं वर पाहिलं. साहेबांचं बोट अजून कानशिलापाशीच होतं. पाण्यात छातीपर्यंत बुडालेले त्याचे वडील त्याच्याकडे बघत होते, दगडावर बसून रोज बघत तसे.

"खरं आहे," तो म्हणाला.

बाईंनी भरलेली बाटली पेटीतून काढली आणि बूच उघडून पाणी डोहात ओतून टाकलं. हळूच ओतलं.

"केंद्र सांडपाण्यासाठी मंजूर आहे. नदीच्या पाण्यावर चालवता येत नाही. नदी आमच्याकडे पहिल्या वर्गात आहे. स्वच्छ नदी स्वच्छ करायला परवानगी नसते."

"पण बाई, तुम्ही आत्ताच मीटरवर बघितलंत ना?"

"सांडपाणी म्हणून बघितलं. नदी म्हणून नाही बघितलं."

"मग तिला सांडपाणी म्हणून टाका की!" भोंगा म्हणाला. त्याला ते सोपं वाटलं.

"ते माझ्या हातात नाही." बाईंनी पेटी मिटली. "रीतसर अर्ज आला तर वर विचार होतो." जाताना त्या डोहाकडे वळून बघणार होत्या, पण गाडीत बसल्या.

गाडी गेल्यावर साहेबांनी ऑपरेटरला बाजूला घेतलं. ते रागावलेले नव्हते. माणूस रागावला असता तर बरं, इतके ते समजूतदार होते.

"केंद्र चालूच राहील, तू काळजी करू नकोस. यंत्रं तेवढी बंद कर. आणि बागेचा पंप बागेला लाव. आपल्याला नियमाबाहेर काही नको."

मग जे झालं नाही, असं आपण धरलं होतं, ते झालं.

टाक्यांतले जंतू आधी उपाशी राहिले, मग मेले, आणि मेल्यावर त्यांचा वास सुटला. डोहावर आधी साय धरली, मग ती हिरवी झाली. एके दिवशी पलीकडची काळी धार खडकाच्या फटीतून आत झिरपायला लागली आणि काळा दगड दिसेनासा झाला. पाववाल्यानं भट्टी विझवायची वेळ बदलली. शिवणकामवाल्या बहिणी एकदा येऊन उभ्या राहिल्या, 'अरेरे' म्हणाल्या नाहीत, गेल्या. ऑपरेटर रोज सकाळी बागेचा पंप लावतो आणि नदीचं पाणी हिरवळीला घालतो. हिरवळ नाही, पण पाणी घालण्याचा आदेश आहे. भोंग्यानं खाट उचलून फरशीवर नेली.

मास्तर पुन्हा घरातल्या खुर्चीत बसायला लागले. टॉवेल दोरीवर कडक वाळून लाकडासारखा झाला होता. ऑपरेटरची बायको तो काढायला गेली की ऑपरेटर मानेनंच नको म्हणायचा.

एका दुपारी ते केंद्रात आले. टाक्यांच्या कठड्यावरून चालत, कशालाही न धरता. ऑपरेटरच्या टेबलापाशी स्टूल ओढून बसले.

"कागद घे. तुझं अक्षर चांगलं आहे. पोहणं नाही तर नाही, अक्षर तरी कामाला येऊ दे."

"काय लिहायचंय?"

"अर्ज. बाई म्हणाल्या होत्या ना, रीतसर आला तर विचार होतो."

ऑपरेटरनं पेन उघडलं. मास्तर समोरच्या भिंतीकडे बघून सांगायला लागले, एकेक शब्द मोजून, लहान मुलांना पाण्यात सूचना देताना सांगत तसे. विषयाच्या ओळीवरच ऑपरेटरचा हात थांबला.

"बाबा, हे तुम्ही लिहायला सांगताय?"

"लिही."

"तुम्हीच त्या दिवशी..."

"त्या दिवशी माझं तोंड होतं, ते बोलून गेलं. आज तुझा हात आहे. लिही म्हटलं ना."

बाहेर बागेचा पंप चालू होता. ऑपरेटरनं मान खाली घातली आणि लिहिलं.

*प्रति, मा. सक्षम अधिकारी.*

*विषय : नदीस गटार घोषित करणेबाबत.*

*महोदय, अर्जदार हा गावातील पोहण्याचा शिक्षक असून त्याने सदर नदीत गावातील पुष्कळ माणसे तरंगती केली आहेत, त्यांत मा. मुख्याधिकारी यांचाही समावेश आहे. तपासणीच्या दिवशी अर्जदाराने सदर प्रवाहास मोठ्या आवाजात नदी असे संबोधले. ते संबोधन या अर्जाद्वारे बिनशर्त मागे घेण्यात येत आहे. नदी असल्यास तिला धुता येत नाही आणि गटार असल्यास धुता येते, असे समजते. अर्जदाराची यापुढे तिला काहीही म्हणण्यास हरकत राहणार नाही.*

*अर्जदाराचा एक विद्यार्थी काळ्या दगडाच्या निम्म्या वाटेवर राहिलेला आहे. तरी सदर नदीस लवकरात लवकर गटार घोषित करून, बागेसाठी मंजूर असलेला पंप पूर्ववत टाकीकडे वळवण्याची परवानगी मिळावी, ही नम्र विनंती.*